मिस ओपलच्या बरणीत घातलेला हात

मिस ओपलचा प्रश्न दर ऑक्टोबरला ठरलेला असे. चर्चच्या तळघरात कोबीचे गड्डे टोपल्यांनी येऊन पडलेले असत, सुऱ्यांना धार लावून झालेली असे, आणि गुडघ्याएवढ्या उंचीची ती चिनी मातीची बरणी गरम पाण्यानं धुऊन मधोमध ठेवलेली असे. मग मिस ओपल एप्रनला हात पुसत आम्हा मुलींसमोर उभी राही आणि विचारी, "तुमच्यातल्या कुणाचे ते दिवस चालू असतील तर आत्ताच सांगा. बाहेर सफरचंदं सोलायचीत." जिचे चालू असतील ती मान खाली घालून परात उचले आणि पायऱ्यांवर जाऊन बसे. बाहेर थंडी असो की भुरभुर पाऊस, पायऱ्या त्याच.

पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरातलं आमचं गाव म्हणजे एका ओढ्याच्या दोन्ही काठांना ओळीनं मांडलेली घरं. ओढ्याशेजारून रेल्वे, रेल्वेवरून कोळसा, आणि डोंगराच्या पोटात ती खाण, जिच्यावर सगळ्यांची चूल पेटायची. बाबा तिथल्या छोट्या दवाखान्यात डॉक्टर होते. मोठ्या शहरातले डॉक्टर असल्या आडगावात यायला तयार नसत, म्हणून भारतातून आलेल्यांना अशा जागा सहज मिळत. सगळ्यात जवळचं मराठी घर दोन तासांवर, त्यापुढचं साडेतीन तासांवर. दुकानात कढीपत्ता नाही, कैरी नाही. पण आई सांगलीची होती आणि हार मानणाऱ्यांतली नव्हती. कैरी मिळत नाही म्हणून तिनं हिरव्या आंबट सफरचंदाचं लोणचं घातलं, आणि ते इतकं झकास जमलं की अजूनही मला कैरीचं लोणचं त्याची नक्कल वाटतं. रोज पहाटे मालगाडी गेली की फडताळातल्या बरण्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. त्या आवाजानं आई उठायची.

मिस ओपल आमच्या शेजारची; लग्न झालेल्या बाईलाही मानानं 'मिस' म्हणायची तिकडची रीत. साठीच्या पुढची, उंच, हाडापेरानं मजबूत, एकटी. तिचा नवरा क्लाइड खाणीतल्या अपघातात गेला त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. गावातल्या बायकांची सगळी कामं तिच्या शब्दावर चालत: गोधड्या शिवायच्या कधी, सफरचंदाचा मुरंबा आटवायचा कधी, कोबी घालायचा कधी. तिच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं. त्यावर एक उघडा माणूस उभा आणि त्याच्या अंगावर जागोजागी राशी: डोक्यावर मेंढा, पायाशी मासे. चंद्र पोटाच्या राशीत असेल त्या दिवशी कोबी घातला तर घाण वास सुटतो, डोक्याच्या राशीत असेल तर पांढराशुभ्र राहतो, असं सगळं त्यात वाचून ठरवायचं. आईनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचा चेहरा हरवलेली बहीण सापडल्यासारखा झाला. "अगं बाई! हे तर पंचांग!" ती ओरडली, आणि घरी धावत जाऊन मामानं पोस्टानं पाठवलेलं आपलं पंचांग घेऊन आली. दोघी तासभर डोकी जवळ घेऊन बसल्या. एकीचं इंग्रजी तोडकंमोडकं, दुसरीचं डोंगरी, नाकातलं. पण चंद्राबद्दल दोघींचं एकमत. त्या दिवसापासून आईनं तिला ओपलताई म्हणायला सुरुवात केली आणि ती त्या हाकेला ओ देऊ लागली. मी शैला, पण ओपलनं माझं शीला करून टाकलं ते कायमचं.

माझी कुचंबणा इथूनच सुरू झाली. कारण आमच्या घरातही तो प्रश्न होता. आई स्वतः महिन्याचे चार दिवस बाजूला बसायची. मागच्या शिवणाच्या खोलीत एक हिरवी चटई, एक स्टीलचं ताट, एक तांब्या. त्या चार दिवसांत बाबा खिचडी करायचे, रोज तीच. मी मोठी झाले तशी चटईवर माझी पाळी लागू लागली. देवाच्या कपाटाजवळ जायचं नाही, लोणच्याच्या बरणीकडे बघायचंसुद्धा नाही. मी म्हणायचे, "आई, धिस इज अमेरिका! इथे कोणी असं करत नाही." आणि मग ज्या वर्षी आई मला घेऊन पहिल्यांदा तळघरात गेली, त्या वर्षी मिस ओपलनं तो प्रश्न विचारला, आणि आईनं मला कोपरानं ढोसलं. तिचे डोळे चमकत होते. "बघ! उगाच सांगत होते का मी? यांच्यातही आहे." मी बारा वर्षांची होते. मला वाटलं, आता कुठंच पळायला जागा नाही.

आज मी त्या डोंगरांपासून दूर, ॲशबर्न नावाच्या उपनगरात राहते. खिडकीतून दिसतात त्या डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर हुशार हुशार मुली आहेत, दिवसभर मोठमोठ्या सिस्टिम्स सांभाळतात, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी मला हळूच फोन करतात, "काकू, मी मोदकांना नाही येत यार, मला अडचण आहे." अडचण! मी फटकळ बाई आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हणते, "तुला कसली अडचण? अडचण मला आहे, शंभर मोदक वळायचेत. मुकाट्यानं ये." बऱ्याचशा येतात. ज्या येत नाहीत त्यांना मी हे प्रकरण वाचायला देणार आहे.

मी सोळा वर्षांची असताना गौरी-गणपतीला दोन्ही मराठी घरं आमच्याकडे आली. आठ दिवस मी वाट पाहत होते. मखर मीच केलं होतं, डोंगरातली पिवळी रानफुलं आणून. आणि नेमकं आदल्या रात्री व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी बाहेर आरती चालली होती, टाळ वाजत होते, आणि मी शिवणाच्या खोलीत चटईवर. कुणीतरी विचारलं, "शैला कुठं दिसत नाही?" आई भर हॉलमध्ये म्हणाली, "ती बाजूला आहे." पाहुण्यांचे दोन मुलगे फिसकन हसले. थोड्या वेळानं दार किलकिलं झालं आणि आईनं पुरणपोळीचं ताट जमिनीवरून आत सरकवलं, हात लागू न देता. मी ते ताट तसंच ठेवलं. पुरणपोळी माझा जीव की प्राण, पण त्या दिवशी मी ती खाल्ली नाही. मी ठरवलं की हे आता पुरे.

मी आधी बाबांकडे गेले. "बाबा, यू आर अ डॉक्टर. खरं सांगा, हात लावल्यानं लोणचं नासतं का?" बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "वैद्यकीय दृष्ट्या त्यात काही तथ्य नाही," ते म्हणाले, आणि आवाज उतरवून, "पण आईला दुखवू नकोस." वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं. शाळेत जीवशास्त्राच्या बाईंनी शिकवलं होतं की कोबी मुरतो तो मिठामुळे आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंमुळे. मीठ बेताचं हवं आणि कोबी पाण्याखाली बुडलेला हवा, बस. त्यात चंद्राचा काही संबंध नव्हता, माझ्या पाळीचाही नव्हता.

ऑक्टोबरात कोबी घालायच्या आदल्या दिवशी मला पाळी आली. मी आईला सांगितलंच नाही. घरभर हिंडले. मुद्दाम देवाजवळचं निरांजन घासलं. शनिवारी सकाळी तळघरात मिस ओपलनं प्रश्न विचारला. माझी मैत्रीण डार्लीन, ओपलची नात, हिनं हात वर केला, परात उचलली आणि बाहेर गेली. तिची आजी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. तळघराच्या वरच्या लहानशा खिडकीतून मला डार्लीनचे बूट दिसत होते, पायरीवर एकमेकांवर घासत होते, थंडीनं. मिस ओपलची नजर माझ्यावरून पुढे गेली. मी सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं आणि गप्प राहिले.

मग मी हात घातले. साधेसुधे नाही, कोपरापर्यंत. मोठ्या बायका लांब फळीच्या किसणीवर कोबी किसत होत्या. एक थर कोबी, एक मूठ मीठ, आणि मग लाकडी दांड्यानं ठेचायचं, पाणी सुटेपर्यंत. ठक, ठक, ठक. त्या ठेक्यावर बायका देवाचं गाणं म्हणत, वाद्याशिवाय, चार वेगवेगळ्या आवाजांत, आणि आई आपली खालच्या पट्टीत तिचं भजन गुणगुणे. वरच्या मजल्यावरचा देव त्यांचा होता, पण तळघरातलं काम सगळ्यांचं. दांड्यानं कडेचा कोबी नीट दाबला जात नाही, तिथं हातच लागतो. "शीलाचे हात लांब आहेत," मिस ओपल म्हणाली, "तिला करू दे." तळापासून काठापर्यंत सगळी बरणी मी चेपली. वर कोबीची पानं, पानांवर ताटली, ताटलीवर ओढ्यातला घासलेला दगड. तो दगडसुद्धा मीच ठेवला. आता ती बरणी एक जानेवारीपर्यंत तिथंच राहणार होती. वर्षाच्या पहिल्या दिवशी डुकराच्या मांसाबरोबर हा आंबवलेला कोबी, म्हणजे क्राउट, सगळ्या गावानं खायचा. क्राउट चांगलं तर वर्ष चांगलं. आम्ही मांस खात नव्हतो, पण क्राउट खायचो, आई तर त्यावर हिरवी मिरची चिरून घ्यायची.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी मिस ओपलच्या ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. ती सहज बोलावं तसं बोलली, "एका वर्षी क्राउट सडलं होतं. झाकण काढलं तर वास असा की लोक बाहेर पळाले. महिना गेला नाही तर खाणीचं छत खाली आलं. चार माणसं. क्लाइड त्यातलाच." मी विचारलं, "सडलं कशामुळे?" "एकीनं हात घातला होता, घालायला नको असताना." "कुणी?" मिस ओपलनं शेंगांची टोपली उचलली आणि आत गेली. घरी येऊन आईला विचारलं तर ती म्हणाली की ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे, फक्त हात कुणाचा होता ते कुणालाच माहीत नाही.

त्यानंतरचे सहा आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. माझा विश्वास नव्हता, पण भीती होती. या दोन्ही गोष्टी एका पोरीच्या पोटात सुखानं नांदू शकतात. मी काही ना काही निमित्त काढून तळघरात जायचे आणि बरणीवर वाकून वास घ्यायचे. एकदा पाण्यावर पांढरा पापुद्रा दिसला, तशी मी शाळेत धावले. जीवशास्त्राच्या बाईंनी सांगितलं, तसा येतोच, काढून टाकायचा. मी काढून टाकला. पण रात्री डोळ्यांसमोर ती चार माणसं. डार्लीनचे वडील खाणीत, समोरच्या घरातले दोघे भाऊ खाणीत. डिसेंबरात एका दुपारी खाणीचा भोंगा अवेळी वाजला. शाळा भरली होती. आमचा सगळा वर्ग एकदम उठला, कुणी कुणाला विचारलं नाही. मी डार्लीनचा हात धरून रस्त्यानं धावत होते आणि मनात एकच, माझ्यामुळे, माझ्यामुळे. खाणीच्या फाटकाशी पोचलो तर कळलं, कोळसा वाहणारा पट्टा तुटला होता. माणसं सगळी सुखरूप. डार्लीन वडिलांच्या काळ्या अंगाला बिलगली. मी रस्त्याच्या कडेला बसून ओकले. आणि तिथं बसल्या बसल्या मला असा राग आला की बस. एक पट्टा तुटला, यंत्राचा, आणि मी सोळा वर्षांची मुलगी त्याचा हिशेब माझ्या शरीराशी जोडत बसले होते.

एक जानेवारीला तळघरात सगळं गाव जमलं. बाहेर बर्फ पडत होता. मिस ओपलनं दगड काढला, ताटली काढली, काळी पडलेली पानं बाजूला केली. खाली क्राउट. पांढरं, कुरकुरीत, आंबट वास असा की तोंडाला पाणी सुटावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई हातात पळी घेऊन वाढायला उभी राहिली, बाबा आपली ताटली घेऊन रांगेत. सगळ्यांची पानं वाढून झाली, लोक खाऊ लागले, आणि मिस ओपल समाधानानं म्हणाली, "यंदा स्वच्छ हात होते." समोर बसलेल्या डार्लीननं मान खाली घातली.

मी उभी राहिले. खुर्ची मागे आपटली, त्यामुळे सगळ्यांनी बघितलं. "मिस ओपल," मी म्हणाले, "त्या दिवशी मला पाळी आली होती. दुसरा दिवस. ही अख्खी बरणी मी चेपलीय."

काटेचमचे थांबले. एका बाईनं ताटली पुढे ढकलली. मागे कुणीतरी पुरुष कसनुसा हसला आणि त्याच्या बायकोनं त्याला गप्प केलं. बाबा छताकडे बघत होते. आईच्या हातातली पळी तशीच हवेत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर मला एकेक करून दिसत गेलं: शुक्रवार, घर, निरांजन. "शैले," ती पुटपुटली, "कार्टे." पण मी बसले नाही.

मिस ओपल माझ्याजवळ आली. "खोटं बोलत नाहीस ना, शीला?"

"नाही."

"देवाशपथ?"

"तुमच्या देवाची आणि आमच्या देवाची."

ती वळली, बरणीपाशी गेली, चमचा न घेता हातानंच चिमूटभर क्राउट उचललं आणि तोंडात घातलं. बराच वेळ चावत राहिली. तिच्या गळ्याची हालचाल मला अजून आठवते. मग ती जवळच्या बाकावर बसली, म्हणजे बसलीच. "चांगलं झालंय," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, कुणाला उद्देशून नाही, "माझाही दुसराच दिवस होता."

कुणाला काही कळेना. मलाही क्षणभर कळलं नाही. कळलं ते आईला. तिनं पळी खाली ठेवली, लुगड्याचा पदर सावरला, आणि सगळ्यांच्या मधून जाऊन त्या उंच म्हातारीचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. "नॉट यू, ओपलताई," आई म्हणाली. "क्लाइड... नॉट यू. नॉट यू." मिस ओपल लहान मुलासारखी रडायला लागली. तीस वर्षं ती दर ऑक्टोबरला आम्हाला प्रश्न विचारत होती, आणि दर वेळी स्वतःलाच बाहेर पायऱ्यांवर बसवत होती. डार्लीन उठली, तिनं बरणीत हात घातला, ताटली गच्च भरून घेतली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. जिनं ताटली ढकलली होती त्या बाईनं शेवटपर्यंत खाल्लं नाही. पुढची दोन वर्षं ती माझ्याशी बोललीही नाही, आणि मला त्याचं काडीचंही दुःख नाही.

आम्ही गाडीतून घरी निघालो. मला वाटलं आता तोफ सुटणार. ती सुटली, पण माझ्यावर नाही. बाबा घसा खाकरून म्हणाले, "तसं बघितलं तर वैद्यकीय दृष्ट्या, मी पूर्वीच—"

"अहो, तुम्ही पूर्वीच काय?" आई एकदम वळली. "तुम्ही डॉक्टर. तुम्हाला माहीत होतं ना? मला लग्न होऊन वीस वर्षं झाली. दर महिन्याला चार दिवस मी त्या खोलीत. पोरीला पण तिथंच बसवली. आणि तुम्ही वर्तमानपत्र वाचत होतात? एकदा तरी म्हणालात, अगं ऊठ तिथून?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"आता वाटतंय ते काय कमी आहे?"

बाबांनी गाडी चढाला लावली. आमच्या घराचा चढ उभा होता आणि त्यावर बर्फ साचला होता. अर्ध्यावर चाकं जागच्या जागी गरगरू लागली. बाबांनी पुढे घेतली, मागे घेतली, गाडी हलेना. आई दार उघडून उतरली. लुगडं वर खोचलेलं, पायात बाबांचे जुने बूट, अशी ती चढावरून घरात गेली आणि परत आली तेव्हा तिच्या काखेत शिवणाच्या खोलीतली हिरवी चटई होती. तिनं ती झटकली, बर्फात गुडघे टेकले आणि मागच्या चाकाखाली नीट सारली.

बाबांनी खिडकीतून डोकं काढलं. "अगं, ती तर तुमची..."

"चालवा म्हटलं ना!"

चाक चटईवर चढलं, चटई फाटल्याचा आवाज आला, आणि गाडी वर निघाली. आई मागून चालत आली. मी फडताळाशी उभी होते, तिथंच थांबावं की कबुली दिल्यामुळे सवयीनं शिवणाच्या खोलीकडे वळावं या संभ्रमात. तिनं बूट काढले, हात धुतले, वरच्या फळीवरची सफरचंदाच्या लोणच्याची बरणी काढली आणि झाकण उघडून माझ्या हातात दिली.

"घाल हात," ती म्हणाली. "आणि जरा जास्त काढ, मलाही भूक लागलीय."